रेडकावरचा कागद

आमच्या घरात पुस्तक विकत घेत नसत, मंजूर करत. मंजुरी देणारे आप्पा, म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी हयात दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात गेली होती. सही करण्याआधी फाईल उलटीसुलटी करून, हुंगून बघायची जी सवय तिथे लागली, ती घरीही आणि पुढे निवृत्तीनंतरही सुटली नाही. मग ती भाजी असो, कामवाली असो किंवा सून असो. मी सून म्हणून पुण्याहून मंजुरीसाठी दाखल झाले तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. स्वयंपाक येतो का, हा त्यात नव्हता. "मोठ्यानं वाचता येतं का?" हा पहिला. "वाचताना अंग हलतं का?" हा दुसरा. मी म्हटलं, अंग हलत नाही, हात मात्र हलतात. आप्पांनी छताकडे बघून थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंजूर."

या प्रश्नांचं कारण मला लग्नानंतर कळलं. त्या घरात वाचायचं म्हणजे ऐकायचं. सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना आप्पा संध्याकाळी ऑफिसातून येऊन मटार सोलायला बसत आणि सासूबाई त्यांना वाचून दाखवत. सासूबाईंना मी पाहिलं नाही, मी येण्याआधीच त्या गेल्या. पण त्यांच्या वाचनाची कीर्ती भिंतींनासुद्धा ठाऊक होती. "ती वाचायची तेव्हा खोलीत ती नसायचीच," आप्पा म्हणत, "फक्त पुस्तक असायचं." मी आल्यावर मटार सोलणाऱ्यांसमोरची ती खुर्ची माझ्याकडे आली, आणि तिथेच घात झाला. मला नुसतं वाचता येत नाही. पुस्तकातला म्हातारा खोकला की मी खोकते, दार वाजलं की टेबल वाजवते, आणि शेवट पसंत पडला नाही तर बदलते. एका कथेतल्या माणसाला मी असंच परस्पर जिवंत ठेवलं होतं. आप्पांनी ती कथा तरुणपणी वाचलेली.

"हा मेला होता," ते मटारातून मान वर न करता म्हणाले.

"नवीन आवृत्तीत बरा झालाय," मी म्हटलं.

"सूनबाई, लिहिलंय तेवढंच वाचावं. वाचणाऱ्यानं आपलं टिपण जोडू नये."

त्यानंतर मला वाचायला सांगणं हळूहळू बंद झालं. ते स्वतःच वाचू लागले, मनात, ओठ मिटून. मटार मी एकटी सोलू लागले.

मग आप्पा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही गुडगावला आलो. माझा नवरा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, त्याला कंपनीच्या बसचा थांबा जवळ हवा होता. बिल्डरने दिलेल्या रंगीत पत्रकात आमच्या सोसायटीला कारंजं होतं, जॉगिंगचा रस्ता होता, क्लब होता आणि निळाशार स्विमिंग पूल होता. प्रत्यक्षात चार इमारती होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या, आणि पूलच्या जागी एक भलामोठा खड्डा. त्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि त्या पाण्यात मागच्या गावातल्या म्हशी येऊन बसत. इमारती उभ्या राहिल्या ती जमीन त्यांच्याच मालकांची होती, त्यामुळे म्हशींना हटकायची वॉचमनची हिंमत नव्हती. मी पाहुण्यांना बाल्कनीत नेऊन हात पसरून म्हणायची, "आमचा पूल! आणि या क्लबच्या मेंबर!" पाहुणे हसत. आप्पा हसत नसत. त्यांच्या ओळखीचा एकही माणूस चालत जाण्याच्या अंतरावर नव्हता. मराठी वर्तमानपत्र इकडे येतच नसे. वीज गेली की जनरेटर धडधडे, आणि हिवाळ्यात धुकं असं उतरे की समोरची रिकामी इमारतही दिसत नसे. दिसली तरी तिच्यात बघण्यासारखं काय होतं!

त्या धुक्यातच कधीतरी आप्पांच्या लक्षात आलं की धुकं गेल्यावरही कडेचं नीट दिसत नाहीये. ते दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. चहा कपाच्या शेजारी ओतू लागले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. तरुण, गोड बोलणारा डॉक्टर होता. "अंकलजी, जो चला गया वो वापस नहीं आएगा. जो बचा है, उसको संभालेंगे." नजर कडांकडून आत आत मिटत जाणार होती. शेवटी नळीतून बघितल्यासारखं दिसेल, आणि मग नळीही बंद होईल. परतताना गाडीत आप्पा मागच्या सीटवर माझ्या मांडीवर झोपलेल्या नातीकडे वळून म्हणाले, "हिला वाचायला शिकवलं पाहिजे. ही माझा पुढचा चष्मा."

मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि तिचं मराठी म्हणजे, काय सांगू! घरात आम्ही पुण्याचं मराठी बोलत असू, पण ती खाली खेळायला जाऊन वर आली की "आई, मला भूक लागी है" म्हणत असे. तिने आजोबांचा डोळा व्हायचं होतं. वेळ किती आहे ते डॉक्टरलाही माहीत नव्हतं.

नवऱ्याला हे पटलं नाही. "आप्पा, तिची स्कूलची ॲडमिशन आहे. आधी इंग्लिश येऊ दे. मराठी काय, घरात ऐकतेच आहे."

"ऐकणारा मी आहे," आप्पा म्हणाले. "तिनं वाचायचंय."

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात त्या हिवाळ्यात मराठी पुस्तकांची मांडणी होती. पुण्याहून एक विक्रेता ट्रंका घेऊन आला होता. दिल्लीतले झाडून सगळे मराठी लोक तिथे लोटले होते, निम्मे पुस्तकांसाठी आणि निम्मे कँटीनमधल्या कोथिंबीरवडीसाठी. आम्ही दोन्हींसाठी गेलो. आप्पा कोट घालून, भिंग खिशात ठेवून, एखाद्या खरेदी समितीचे अध्यक्ष असल्यासारखे टेबलाशी उभे राहिले.

"आजोबा, मुलीचं वय?" विक्रेत्याने विचारलं.

"साडेचार."

"मग हे बघा. मोठा टाइप, पानावर एकच ओळ, चित्रं भरपूर."

आप्पांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटले. "वाच. नाटक न करता."

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. टेबलाभोवती गर्दी, मध्ये डोळे मिटून उभे असलेले कोटातले आप्पा, आणि त्यांच्यासमोर मी, चेहरा इस्त्री केल्यासारखा सरळ ठेवून वाचतेय, "बदक पाण्यात पोहते. बदक क्वॅक क्वॅक करते." मी क्वॅक क्वॅकसुद्धा सपाट केलं. कुणीतरी मागे हसलं.

"नामंजूर," आप्पा म्हणाले. "यात ऐकण्यासारखं काही नाही."

पुढचं. त्याच्या शेवटी चौकटीत तात्पर्य होतं. "नामंजूर. तात्पर्य आहे म्हटलं की गोष्ट कोण ऐकतो? सगळे तात्पर्याची वाट बघत बसतात." पुढचं यमकांचं होतं, ते यमक आधीच कळतं म्हणून गेलं. पुढच्यात पानागणिक फुलपाखरू होतं, ते फुलपाखरू होतं म्हणून गेलं. विक्रेता बिचारा घामाघूम झाला. शेवटी आप्पा स्वतःच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथे मुलांची पुस्तकं नव्हतीच, आणि तिथून त्यांनी भिंग लावून, एकेक पान हाताने चाचपून, जाड जाड पुस्तकं काढली. एक नदीकाठाने केलेल्या प्रवासाचं. एक जुन्या पत्रांचं. एक झाडांविषयी.

"अहो आप्पा, हे ती कधी वाचणार?"

"वाचेल. आठवी-नववीत कशाला, त्याआधीच वाचेल."

मला त्या क्षणी हसू येत होतं, कारण त्यांच्या हातातलं पुस्तक मुलीच्या डोक्याएवढं होतं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू तिथेच राहिलं. ते नातीसाठी पुस्तकं निवडत नव्हते. पुढच्या सगळ्या संध्याकाळींचा बाजारहाट चालला होता.

या सगळ्यात मुलगी कुठे होती? टेबलाखाली. तिला तिथे खाली पडलेलं एक पातळ पुस्तक सापडलं होतं. ते तिने न विचारता कँटीनमध्ये नेलं, आणि आम्हाला कळेपर्यंत त्याच्या मुखपृष्ठावर हिरव्या चटणीचा पंजा उमटला होता. त्यामुळे ते घ्यावंच लागलं. आमच्या घरात मंजुरीशिवाय आलेलं ते एकमेव पुस्तक.

त्यात एक रेडकू होतं. डबक्यात जाऊन बसलेलं, बाहेर यायला तयार नसलेलं. पानापानावर कुणीतरी काठावर येऊन त्याला बोलवायचं. "आजी म्हणाली, घरी चल. रेडकू काही बोललं नाही." मग बाबा, मग दादा, मग पोस्टमन. आणि रेडकू आपलं गप्प. सगळ्यात शेवटच्या पानावर एक अक्षरही नव्हतं, नुसतं पानभर चित्र. गोष्टीचा शेवट काय तो त्या चित्रात.

आमच्या दिल्लीच्या लेकीला डबकं म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि रेडकूही माहीत नव्हतं. मी तिला बाल्कनीत नेलं आणि खाली बोट दाखवलं. "अच्छा!" ती म्हणाली. "पूल!" त्या दिवसापासून पुस्तकातलं डबकं आमचा पूल झालं आणि खालच्या म्हशींमधलं सगळ्यात लहान पिल्लू आमचं रेडकू. आप्पा जवळपास नसले की मी ते पुस्तक तिला वाचून दाखवायची. वाचायची कसली, करून दाखवायची. आजीचं कंबर धरणं, पोस्टमनची सायकल, सगळं. आणि शेवटच्या पानाचा शेवट मी रोज वेगळा करायची. तिथे अक्षरच नव्हतं, मला कोण अडवणार?

मग एका दुपारी चमत्कार झाला. आप्पा उन्हात खुर्ची टाकून बसले होते आणि मुलगी त्यांच्या पायाशी पुस्तक उघडून धडाधड वाचत होती. "रेडकू डबक्यात बसलं. आजी म्हणाली, घरी चल." बोट ओळीखाली, आवाज स्वच्छ. आप्पा ताठ झाले. त्यांनी घाईघाईने आत येऊन पुण्याला माझ्या नणंदेला फोन लावला. "वाचतेय! अगं, तुझ्या आईसारखी वाचतेय! मध्ये काही घालत नाही!" नणंदेला आवाज ऐकवायचा म्हणून त्यांनी वायर ताणून फोन दारापर्यंत आणला.

मुलीला प्रेक्षक मिळाला. तिने पान उलटलं, चुकून दोन उलटली, आणि वाचतच राहिली. "मग बाबा म्हणाले, घरी चल. रेडकू म्हणालं, नाही. मग रेडकू बाबांच्या कंपनीच्या बसमध्ये बसलं. खिडकीची सीट घेतली. मग मानेसरला गेलं आणि तिथे त्याला कॅप मिळाली."

फोनमधून नणंदेचं हसणं ऐकू आलं. आप्पांनी फोन ठेवला. खाली बसून त्यांनी नातीच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि नाकाजवळ धरून, मान इकडून तिकडे फिरवत ओळ शोधली. तेव्हा त्यांना ओळ अशीच तुकड्यातुकड्यानं दिसत असे.

"इथे मानेसर कुठे लिहिलंय?"

"हे बघा ना," ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली. "ते तिकडे बघतंय ना, म्हणजे बस येणार."

"ही चित्र वाचते," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "अक्षर वाचतच नाही. तुझ्यावर गेलीय."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर घरात जळका वास. आप्पांनी मैद्याची खळ शिजवली होती. पातेल्याचा बुडाचा भाग कोळसा झाला होता, पण वरची खळ झकास जमली होती. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घेऊन, कात्रीने चौकोन कापून, त्यांनी त्या पुस्तकातल्या एकेका चित्रावर कागद चिकटवला होता. हाताने कड चाचपत, बोटाने दाबत. इतकं नीट काम की अर्धी नजर गेलेल्या माणसाने केलंय यावर विश्वास बसू नये. खाली ओळ तेवढी उघडी. शेवटच्या पानावर ओळच नव्हती, तर त्यांनी अख्खं पानच झाकलं होतं.

"आता चित्र नाही," ते नातीला समजावत होते, आणि आवाज मऊ होता, रागाचा नव्हता. "आता फक्त अक्षर. बघ, किती सोपं झालं. लिहिलंय तेवढंच वाचायचं, बाळा."

मुलगी पुस्तकाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "रेडकू कुठे गेलं?"

"आहे तिथेच. तू वाचलंस की कळेल."

ती वाचायला शिकली नाही. रोज दुपारी आप्पा तिला घेऊन बसत. ती बोट ओळीवर ठेवी आणि खाली पूलकडे बघे. आप्पा म्हणत "रे", ती म्हणे "रे". आप्पा म्हणत "पुढे?", ती म्हणे, "सू आली." पुढे पुढे पुस्तक दिसलं की ती पलंगाखाली जाऊ लागली. मी मध्ये पडून पाहिलं.

"आप्पा, ती लहान आहे हो. तिला चित्रातूनच आत जायचंय."

"मला माहीत आहे ती लहान आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे ती मोठी होण्याइतका वेळ आहे का, ते सांग."

मी आत जाऊन किटलीच्या वाफेवर पहिलं पान धरलं आणि कागदाचा कोपरा सोडवू लागले. कागद निघाला, पण रेडकाचा कान आणि निम्मं डबकं त्याला चिकटून आलं. पानावर पांढरा ओरखडा राहिला. मी निघालेला कागद तसाच परत दाबून बसवला. बाकीच्या पानांना हात लावला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या विक्रेत्याकडे तेच पुस्तक मागितलं तर तो म्हणाला, ते आता छापत नाहीत, ताई.

दरम्यान नवऱ्याने नव्या बाजारातल्या चकचकीत दुकानातून इंग्रजी पुस्तकं आणली, पाणी सांडलं तरी पुसता येतील अशी. मुलगी त्यातली चित्रं बघत तासन्‌तास बसायची. आप्पा ऐकायचे. पान उलटल्याचा आवाज तेवढा यायचा.

शाळा सुरू झाली. पहिली गेली. शाळेत इंग्रजी होतं आणि हिंदी होतं, मराठी अर्थातच नव्हतं. नळी अरुंद होत गेली. आप्पांनी आधी वाचणं सोडलं, मग भिंग खिशात ठेवणं सोडलं, आणि एका सकाळी दाढी करताना आरशाकडे पाठ करून उभे असलेले मला दिसले. "तोंड माझंच आहे," ते म्हणाले, "बघायचं काय त्यात." त्यानंतर मी रोज त्यांना वाचून दाखवू का म्हणून विचारायची. ते म्हणायचे, "आज नको." नदीकाठचा प्रवास, पत्रं आणि झाडं कपाटात होती तशीच राहिली. खालचा खड्डाही बुजला. म्हणजे पूल झाला, फरशा बसल्या, निळं पाणी आलं. म्हशी एक दिवस आल्या, रखवालदाराने शिट्टी फुंकली, आणि परत आल्या नाहीत.

डॉक्टरकडे तीन महिन्यांनी जायचं असे, आता नुसतं थेंब लिहून घ्यायला. अशाच एका फेरीत आम्ही दिल्लीकडे निघालो होतो. नवरा गाडी चालवत होता, मी पुढे, मागे आप्पा आणि खिडकीशी मुलगी. रस्त्याच्या कडेने लांबच लांब भिंती होत्या आणि भिंतींवर उत्तर हिंदुस्थानातलं सगळ्यात मोठं वाङ्मय, चुन्यावर रंगवलेलं, हातभर उंच अक्षरांचं.

"दो और तीन कमरों के फ्लैट," मागून आवाज आला. "बुकिंग चालू है."

कुणी लक्ष दिलं नाही.

"यहां पेशाब करना मना है."

नवऱ्याने आरशात पाहिलं. मी वळले. मुलगी काचेला नाक लावून, भिंत सरकेल तसं वाचत होती, सपाट आवाजात. ना वर, ना खाली.

"गुप्त रोगी निराश न हों. एक बार अवश्य मिलें. बस अड्डे के पीछे."

मला हसू फुटणार होतं. आप्पांनी हात वर केला.

"पुढे?" ते म्हणाले.

"पुढे ट्रक आला. आता गेला. शर्तिया इलाज." ती थांबली. "आप्पा, निराश म्हणजे?"

आप्पांचा चेहरा मी वळून बघत होते. डोळे उघडे होते आणि कुठेच लागलेले नव्हते. "निराश म्हणजे," ते म्हणाले, आणि मग त्यांना हसूच आलं. असं हसले की खोकला आला, नवऱ्याने गाडी हळू केली. "अरे, ऐकलंस का? तुझ्या आईसारखी! अगदी आईसारखी वाचतेय! एक शब्द पदरचा नाही!" नवराही हसत होता आणि उजवीकडे बघत होता, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. "मंजूर," आप्पा म्हणाले. "मंजूर, मंजूर." दवाखान्यापर्यंत त्यांनी एकेक भिंत वाचून घेतली. टायर, ट्यूशन, वधुवर सूचक, बोअरिंग, फ्लॅट, फ्लॅट, फ्लॅट. निराश म्हणजे काय, ते मात्र सांगायचं राहिलं.

घरी आल्याआल्या, बूटही न काढता, ते म्हणाले, "काढ ते रेडकाचं."

मी म्हटलं, "आप्पा, आता तिला तुमचं नदीचं पुस्तकसुद्धा जमेल थोडं थोडं."

"ते नंतर. आधी रेडकाचं."

मुलीने पुस्तक आणलं. खाकी कागद कडेने काळपट झाले होते, चटणीचा पंजा तपकिरी झाला होता. ती आप्पांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि वाचू लागली. "रेडकू डबक्यात बसलं. आजी म्हणाली, घरी चल. रेडकू काही बोललं नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथे खोली होती, आप्पा होते, खुर्ची होती. ती मुलगी मात्र नव्हती, फक्त पुस्तक होतं. आप्पा म्हणायचे ते काय, हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

आप्पा तळहात गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. पोस्टमनचं पान झालं. पान उलटल्याचा आवाज आला. मग काही नाही.

"पुढे?"

"संपलं."

"शेवट राहिला ना. रेडकू घरी गेलं का?"

"लिहिलं नाहीये."

"चित्रात असेल बघ."

"चित्रावर कागद आहे, आप्पा."

आप्पांनी हात पुढे केला. तिने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते बोटांनी पानाची कड शोधत राहिले, मग कोपऱ्याला नख लावून बघितलं. कागद हलला नाही.

"मग तू सांग," ते म्हणाले. "आधी सांगायचीस ना. बसमध्ये बसलं, खिडकीची सीट घेतली. मग? टोपी मिळाली. मग काय झालं?"

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. लहान मुलाला खेळाचा नियम समजावून सांगावा तशी म्हणाली, "आप्पा, असं मनचं नाही ना बोलायचं. लिहिलंय तेवढंच वाचायचं."

आप्पांनी मान हलवली. मग माझ्या दिशेला वळले, जिथे मी आहे असा त्यांचा अंदाज होता. "सूनबाई, तू तर पाहिलं होतंस. काय होतं शेवटच्या पानावर?"

मी तोंड उघडलं. रेडकू मी घरी नेलं होतं, शाळेत नेलं होतं, विमानात बसवलं होतं, एकदा तर त्याचं लग्नही लावलं होतं. रोज एक नवा शेवट. त्या सगळ्यांच्या खाली त्या पानावर खरंच काय होतं, रेडकू काठावर आलं होतं की पाण्यातच बसलं होतं, आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवेना. आणि त्या दिवशी, का कोण जाणे, मला काही रचताही येईना.

"नाही आठवत, आप्पा."

ते थोडा वेळ कागदावर बोटं फिरवत बसले. "खळ चांगली झाली होती," ते म्हणाले.

"हो. पातेलं गेलं, पण खळ चांगली झाली होती."

त्यांनी पुस्तक नातीच्या दिशेने पुढे केलं, थोडं चुकीच्या बाजूला, आणि तिने सरकून ते घेतलं.

"पुन्हा पहिल्यापासून वाच," आप्पा म्हणाले.

तिने पहिलं पान उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं.

"रेडकू डबक्यात बसलं. आजी म्हणाली, घरी चल."